व्याही जेवेनात

"नको, नको," म्हणून ह्यांनी ताटावर हात आडवा धरला, तेव्हा ताटात पहिली पुरीसुद्धा पडलेली नव्हती.

वाढपी जागीच थबकला. डोक्यावर तयार शिवलेला फेटा, छातीवर 'थाळीदरबार'चा बिल्ला, चिमट्यात टम्म फुगलेली पुरी. चौथ्या-पाचव्या पुरीला नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं असणार. पहिल्याच पुरीला हात आडवा करणारं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने हणमंतराव बागलांकडे पाहिलं. हे आमचे होऊ घातलेले व्याही, बार्शीचे सिमेंट-पत्र्याचे व्यापारी. त्या दिवशीचं जेवण त्यांच्याकडून होतं.

"वाढ रे," हणमंतराव म्हणाले. "पाव्हणं लाजत्यात."

लाजतात! आमचे हे! कराडात हे कुणी ऐकलं असतं तर हसता हसता ठसका लागला असता. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, पण गावात नाव झालं ते पंगतीत. लग्नाकार्यात ह्यांच्या पलीकडे बसायला लोक कचरायचे, कारण जिलेबीची परात ह्यांच्यापाशी आली की पुढं सरकत नसे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तर आचारी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "कोण तो भला माणूस, एकदा बघू तरी द्या."

त्या भल्या माणसाचे पुढे गुडघे बोलायला लागले आणि शुगर हद्दीवर येऊन टेकली. मग डॉक्टरांनी आठवड्याचं इंजेक्शन चालू केलं. आता गल्लीतल्या दर चौथ्या घरात ते घेतात आणि भिशीत बायका कुणाचं किती उतरलं ते सांगतात. तेव्हा ते नवं होतं. दर शनिवारी संध्याकाळी पोटात टोचायचं, आणि त्यानंतर दोन दिवस ह्यांना अन्नाची वासनाच उरायची नाही. दोन घास वरणभात, की पोट भरलं. मी केलेल्या भाकरीकडे असे बघायचे, की वाटावं विजेचं बिलच आलंय.

आणि नेमकी बैठक ठरली रविवारची. मी म्हटलं, "अहो, या शनिवारी राहू द्या की. सोमवारी घ्या."

"डॉक्टरांनी शनिवार सांगितलाय," हे म्हणाले. पाटपाण्याच्या खात्यात मुरलेला माणूस. कालव्याच्या पाण्याची असो की सुईची, पाळी म्हणजे पाळी.

बरं, हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. स्थळाच्या बोलण्यात 'घरात कुणाला शुगर, बीपी?' हे विचारतातच. मी फोनवर ठणकावून सांगितलं होतं, आमच्यात कुणाला काही नाही, सगळे लोखंड पचवतात.

पण माझा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीपायी. शर्वरी आमची एकुलती एक. दातांची डॉक्टर. मंडईमागे तिचा दवाखाना, तिने एकटीने उभा केलेला. रणधीर बागल कराडच्या कॉलेजात शिकवायचा. अक्कलदाढ काढायला म्हणून तिच्याकडे आला आणि दाढ निघाल्यावरही येतच राहिला. मुलगा सोन्यासारखा, फक्त बापापुढं त्याची दातखीळ बसायची. आणि बापाने तर सगळं ठरवूनच टाकलं होतं. लग्न झालं की मुलाने नोकरी सोडून दुकानावर बसायचं आणि सुनेने बार्शीला यायचं.

येताना गाडीत शर्वरी म्हणाली, "आई, माझा दवाखाना कराडलाच राहणार, हे आज सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे. नाही ठरलं, तर मी उठून गाडीत येऊन बसेन. रडायचं तर आधीच रडून घेईन, लग्नानंतर नाही."

"अगं, बैठकीत मुलीने असं तोंड उघडायचं नसतं."

"मग बाबा उघडतील."

बाबा समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. "बघू," हे म्हणाले. आमच्या संसारात ह्यांनी 'बघू' म्हटलेली निम्मी कामं अजून बघायचीच राहिलीत.

तर आम्ही टेंभुर्णीच्या बायपासवर, थाळीदरबारात. या थाळीदरबाराच्या गावोगावी शाखा. कुठल्याही शाखेत जा, तीच कढी, तेच भिंतीवरचे खोटे भाले-तलवारी, तोच दारात वाजणारा सनईचा आवाज. हवं तेवढं खा, पण ताटात टाकलंत तर दंड, आणि एका थाळीत दोघांनी जेवायचं नाही, अशा दोन पाट्या. बैठकीला बरं पडतं. कुणाच्या घरी जायला नको, कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला नकोत. आम्हाला जरा लांब होतं, त्यांना जवळ. मुलीकडचे म्हटल्यावर एवढं चालायचंच.

समोर हणमंतराव, त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई, मग रणधीर, आणि कडेला रत्नमालाबाईंचे बंधू अंकुशमामा. या मामांशिवाय बार्शी तालुक्यात कुणाची सुपारी फुटत नाही, असं आम्हाला येतानाच ऐकवलं गेलं होतं. सुपारी फुटली की लग्न पक्कं. ती मामांच्या खिशात होती, आणि ती ते मधूनमधून चाचपून बघत होते.

रत्नमालाबाई फारशा बोलत नव्हत्या. त्यांचं एकच चाललेलं. वाढपी भाजी घेऊन आला की, "आण इकडं," म्हणून पातेलं आपल्याकडे घ्यायच्या आणि सगळ्यांना वाढायला उठायच्या. वाढप्यांची पंचाईत. शेवटी काळा कोट घातलेला कॅप्टन आला. "मॅडम, आपण बसा, आमचा स्टाफ वाढेल." बाई हो म्हणाल्या, बसल्या, आणि कॅप्टनची पाठ वळताच त्यांनी कढीची बादली हातात घेतली.

इकडे वाढप्याने ह्यांच्या ताटात पुरी टाकलीच. मागोमाग ढोकळा आला, शेवभाजी, भरलं वांगं, बटाटा, मटकी, कोशिंबीर. ह्यांनी त्या ताटाकडे पाहिलं आणि कपाळाला घाम आला.

"अहो, एक घास तरी खा," मी ओठ न हलवता म्हणाले.

"वास सहन होत नाही गं."

मग काय करते? ह्यांच्या ताटातला ढोकळा मी उचलला. मग वांगं. माझं ताट माझ्या पुढं आणि ह्यांचं ताट माझ्या डाव्या हाताला. कॅप्टन माझ्याकडे बघून गेला, मी त्या पाटीकडे पाहिलंच नाही.

पण अंकुशमामांनी पाहिलं होतं. मला नव्हे, ह्यांच्या हातांना. ह्यांचे दोन्ही हात मांडीवर, कोरडे, आणि नजर खाली. मामा उठून हणमंतरावांच्या कानाशी वाकले. मामांची कुजबुज म्हणजे चार टेबलं पलीकडच्यालाही ऐकू जावी.

"दाजी, घोडं कुठंतरी पेंड खातंय. व्याही रुसल्यात."

आता हे बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्याकडे लग्नकार्यात रुसलेला माणूस तोंडाने काही मागत नाही. तो पानावर येऊन बसतो, आणि पानाला हात लावत नाही. जावई रुसतो, वरमाय रुसते, चुलता तर हमखास रुसतो. समोरच्याने ओळखायचं काय हवंय ते, कबूल करायचं, मग तो पहिला घास घेतो आणि पंगत पुढं सरकते. हे सगळं मुलाकडच्यांचं. मुलीच्या बापाने रुसलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"मुलीचा बाप रुसतोय म्हंजे तेवढंच तालेवार कारण असणार," मामा म्हणाले, आणि ह्यांच्याकडे त्यांनी जरा आदरानेच पाहिलं.

हणमंतरावांनी घसा खाकरला. "पाव्हणं, लग्न बार्शीला करायचं म्हणत होतो आम्ही. पण असू द्या. तुमची एकुलती एक लेक. कराडला करा, तुमच्या दारात. आता घ्या बघू."

मी हातातला ढोकळा खाली ठेवला. महिनाभर फोनवर याच गोष्टीवरून डोकेफोड चालली होती.

"छान, छान," हे म्हणाले आणि पुन्हा खाली बघू लागले.

मामांनी मान हलवली. "एवढ्यावर नाहीत ते."

वाढपी जिलेबी घेऊन आला. ह्यांनी हात आडवा केला. कराडच्या भल्या माणसाने जिलेबीला हात आडवा केला!

"मानपान नको आम्हाला," हणमंतराव म्हणाले. "साड्या नको, टॉवेल-टोपी नको. नुसता नारळ द्या."

मग मसालेभात आला. पुन्हा हात आडवा.

"हॉल आमच्याकडून."

आणि तेवढ्यात ह्यांना वाटलं असावं, एवढं देतायत बिचारे, निदान मान राखावा. ह्यांचा हात हळूच पुरीकडे निघाला. मी टेबलाखालून त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की हात होता तिथं परत गेला.

"मघाशी खा म्हणत होतीस," हे पुटपुटले.

"आता खबरदार!"

हसू नका. मुलीच्या आईला असं ताट आयुष्यात एकदाच मिळतं. मी तर मनातल्या मनात पुढचे पदार्थ मोजत होते. पापड यायचा होता, ताक यायचं होतं, पान यायचं होतं.

पण शर्वरी माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघून माझी हौस जागच्या जागी विरली. हॉल मिळाला होता, मानपान गेलं होतं, आणि तिची गोष्ट कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिने रणधीरला डोळ्यांनी खुणावलं. रणधीरने एक दीर्घ श्वास घेतला, "आण्णा," म्हणाला, हणमंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "कढी घ्या की."

"बाबा," शर्वरी हलक्या आवाजात म्हणाली. "बोला ना."

ह्यांनी मान वर केली. पण हणमंतराव आता दात्याच्या भूमिकेत पुरते शिरले होते. त्यांनी टेबलावर थाप मारली.

"आलं माझ्या ध्यानात! डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं ना? आवो, आधी बोलायचं. दुकानावर अख्खा मजला मोकळा पडलाय. तिथं खुर्ची टाकून देतो, ती वर-खाली होणारी. बार्शीतल्या लोकांनासुद्धा दात असत्यात."

मामा हसले. हणमंतरावही हसले. खरंच मनापासून दिलं होतं त्यांनी, त्यात खोट नव्हती. पण शर्वरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. ती दवाखाना म्हणते तो खुर्चीत नव्हता. तो मंडईतल्या बायकांत होता, ज्या आधी तिच्या दारात नुसत्या डोकावून जायच्या आणि आता सासवांना घेऊन यायच्या. हे हणमंतरावांना सांगणार कोण?

हणमंतराव उठले. जिलेबीचं एक वेढं उचलून ते टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी ते ह्यांच्या ओठांशी धरलं. व्याह्याने व्याह्याला घास भरवायचा, मग मामांनी सुपारी फोडायची, असा तो शेवट.

"आता काय राहिलं? सांगा. नाहीतर आ करा."

जिलेबीचा पाक ह्यांच्या शर्टावर ठिबकला. ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता उलटी होणार आणि सगळ्या कार्याचा विचका होणार.

"मी रुसलेलो नाही, हणमंतराव," हे म्हणाले. "मला भूकच नाही. शुगर वाढली, वजन वाढलं, म्हणून मी आठवड्याचं इंजेक्शन घेतो. त्याने अन्न जात नाही. काल शनिवार होता."

मी डोळ्यांवर हात धरला. सत्यवादी माणसाशी संसार केला की असं होतं.

"म्हंजे?" हणमंतराव जिलेबी धरून तसेच उभे.

"म्हणजे तुम्ही जे काही देऊ केलंत, ते मी मागितलेलं नव्हतं. ते मला असं घेता येणार नाही."

मग मामांच्या अंगात कायदा संचारला.

"दाजी, व्याही रुसले नसतील तर दिलेलं लागू होत नाही. लग्न बार्शीला."

"आणि हॉल?"

"हॉल त्यांचा. मानपान आपलं."

मी भीक म्हणून मागितलं नसतं, पण हातातोंडाशी आलेला घास असा निघून जाताना बघणं सोपं नव्हतं. त्यातून फोनवरचं 'लोखंड पचवतात' आता हणमंतरावांना आठवलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते परत जाऊन बसले आणि त्यांनी ती जिलेबी स्वतःच खाऊन टाकली.

"एक मात्र मागतो," हे म्हणाले.

मी चमकून पाहिलं.

"शर्वरीचा दवाखाना कराडलाच राहू द्या. तिने तो फार कष्टाने उभा केलाय. रणधीरची नोकरीही तिथंच आहे. एवढंच."

बघू म्हणणाऱ्या माणसाने बघितलं होतं. मला ह्यांचा फार अभिमान वाटला. पण हणमंतराव दात कोरत म्हणाले, "ते झालं की बोलून. वरचा मजला दिलाय. आता पुन्हा मागं कशाला?"

"आण्णा, तसं नाही," रणधीर म्हणाला.

"तू गप. काल म्हणत होतास कोकणात फिरायला जायचं लग्नानंतर. जा. आल्यावर दुकान."

शर्वरीने पर्स खांद्याला लावली. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. सोळा स्थळांना नको म्हणून हा एक मुलगा तिला मनापासून आवडला होता, आणि ती आता उठून गाडीत जाऊन बसणार होती. मी तिला ओळखत होते. ती गाडीत रडली असती, पण परत आत आली नसती.

"अगं, थांब," मी म्हणाले.

"मी पण जेवले नाही."

हे कोण बोललं, ते आधी कुणाला कळलंच नाही. मग आम्ही सगळ्यांनी रत्नमालाबाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या ताटाकडे. सगळ्या वाट्या कोरड्या ठणठणीत. ताटात मिठाचा कणही नाही. आमच्या सगळ्यांच्या ताटात तीन-तीनदा वाढून झालं होतं, ते त्याच बाईच्या हातून, आणि त्यांचं ताट जसं मांडलं होतं तसंच चकचकीत होतं. माझ्या अगदी समोर होतं ते. एवढा वेळ मी ताटावर नजर ठेवून बसले होते, पण ह्यांच्या.

"तुझं काय बिनसलं?" हणमंतराव म्हणाले. "तुलाही तसलं इंजेक्शन हाय का?"

"नाही. सपाटून भूक लागलीय मला. पहाटे चहा घेतलाय, तेवढाच."

"मग जेव की!"

"नाही जेवणार. मी रुसलेय."

मामा पुढे सरसावले. "ताई, वरमाय रुसायची ती मुलीकडच्यांवर. तुला पाहिजे काय त्यांच्याकडून? पैठणी?"

"त्यांच्याकडून काही नको. मी तुमच्यावर रुसलेय. तुझ्यावर आणि तुझ्या दाजींवर."

"असं कुठं असतंय का?"

"वरमायने कुणावर रुसायचं, हे कुठं लिहिलंय?"

मामांनी आठवून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं. नेमका तेव्हाच वाढपी टोपली घेऊन आला. "पुरी, मॅडम? गरमागरम." बाईंनी ताटावर हात आडवा धरला. तो काढलाच नाही.

"काय पाहिजे तुला?" हणमंतराव खालच्या आवाजात म्हणाले. आजूबाजूची टेबलं बघायला लागली होती.

"मघाशी व्याही जेवेनात, तर तुम्ही हॉल दिला, मान दिला. ओळखून ओळखून दिलं. माझं पण ओळखा."

"अगं, असं कोड्यात बोलू नगंस."

"बरं. पोरीचा दवाखाना कराडला राहील. रणधीर तिथंच नोकरी करील. दुकान तुम्ही बघा, आणि नाही झेपलं तर माणूस ठेवा."

"आणि पोरगा असा लांब राहिलेला तुला चालंल?"

"नाही चालणार," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "रोज आठवण येईल मला. तरी पण."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर काय. मी भांडणार नाही, रडणार नाही. मी नुसती जेवणार नाही."

हणमंतराव मेव्हण्याकडे वळले. त्यांना वाटलं असावं, आता हा काहीतरी वाट काढील. मामांनी खिशातली सुपारी बाहेर काढली, तळहातावर फिरवली आणि परत खिशात टाकली.

"दाजी, वरमाय उपाशी असताना सुपारी फुटत नाही," ते म्हणाले. "मीच आजवर किती जणांच्या बैठकी या एका गोष्टीवरून थांबवल्यात. आता आपल्याच घरी मोडला नेम, तर उद्या तालुक्यात मला कोण विचारणार?"

"मग उठायचं का असंच?"

"वरमायला उपाशी उठवून पाव्हण्यांच्या पंगतीतून गेलो म्हणून गावात सांगायला लागंल. सांगताय तुम्ही?"

कॅप्टन येऊन आमच्या टेबलापाशी घुटमळून गेला. शर्वरी अर्धवट उठलेली, खुर्चीच्या कडेवर टेकून तशीच थांबली होती. हणमंतरावांनी बायकोकडे पाहिलं. मला वाटतं, बऱ्याच वर्षांनी नीट पाहिलं. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर आपल्या कोऱ्या ताटावर होती आणि हात तसाच आडवा.

"बरं," हणमंतराव म्हणाले.

"बरं काय?" मामा म्हणाले. "नीट बोला. सगळ्यांसमोर."

"दवाखाना कराडला. पोरगा पण कराडला." मग जरा थांबून, घोगऱ्या आवाजात, "आता हात काढ की. जेव."

रत्नमालाबाईंनी हात काढला. वाढपी अजून तिथंच उभा होता. त्याने पुरी वाढली, मग बाईंकडे बघून आणखी दोन वाढल्या.

मी आजवर पुष्कळ जेवणारे पाहिले. एकाशी तर लग्नच केलं. पण अशी जेवणारी बाई मी पाहिली नव्हती. घाई नाही, संकोच नाही. वांगं संपवलं, शेवभाजी संपवली, कढीची वाटी तीनदा भरून घेतली. सगळं आपल्या ताटात येऊ दिलं, आणि कुणाला काही वाढायला एकदाही उठल्या नाहीत. शर्वरी पर्स ठेवून, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. रणधीर खाली मान घालून बसला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. झालेच पाहिजेत, मी मनात म्हटलं. तो अजूनही ते विसरलेला नाही. आज घरात काही ठरवायचं असलं की आधी बायकोला विचारतो, आईला फोन लावतो, आणि मग तोंड उघडतो.

न राहवून शर्वरीने विचारलं, "आई," ती त्यांना पहिल्यांदाच आई म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी एवढं कशाला केलंत? घरी नुसतं बोलला असतात तरी चाललं असतं."

रत्नमालाबाईंनी घास गिळला. पाणी प्यायल्या.

"मी मास्तरीण झाले होते, बाळा," त्या म्हणाल्या. "झेडपीच्या शाळेची ऑर्डर आलेली. लग्न झालं आणि घरच्यांनी ती परत पाठवली. तेव्हा मी बोलले, भांडले, महिनाभर रडले. पण दोन्ही वेळा जेवत होते. तिथं चुकलं माझं."

हणमंतरावांनी कढीच्या वाटीकडे पाहिलं आणि ते तसेच बघत राहिले. बाईंनी वाढप्याला खूण केली आणि मसालेभात मागवला.

त्यांचं जेवण होईपर्यंत टेबलावरून कुणीही उठलं नाही.